पगारातले पोटाला किती? – अर्न्स्ट एंगेल यांची जीवनकथा

एखादे घर गरीब आहे की सुस्थितीतले, हे कशावरून ओळखावे? घराच्या भिंतीवरून, अंगावरच्या कपड्यांवरून, की गळ्यातल्या सोन्यावरून? आपल्या आज्या या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवीत नसत. महिनाअखेरीस दुकानदाराच्या कार्नेत किती रक्कम लिहिली गेली आणि ती चुकती केल्यावर हाती काय उरले, एवढेच त्या पाहत. पगार आला की आधी तांदूळ, पीठ, डाळ, तेल यांचे पैसे द्यायचे. उरले तर मुलांच्या वह्या, पायातले, डॉक्टर. ज्या घरी पहिल्याच कामात पगार संपतो, ते घर गरीब. हा हिशेब त्यांना कोणी शाळेत शिकवला नव्हता.

हीच गोष्ट आकड्यांनी सिद्ध करून दाखवणारा एक विद्वान जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव अर्न्स्ट एंगेल. नाव ऐकताच कोणाला कार्ल मार्क्सचे मित्र फ्रिडरिश एंगेल्स आठवतील. ते १८२० साली बार्मेन येथे जन्मले, आणि आपले हे एंगेल १८२१ साली ड्रेस्डेन येथे. दोघेही जर्मन, दोघांनाही कामगारांच्या दैन्याची चिंता, आणि आडनावात फरक एका ‘स’ चा. त्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. परंतु दोघांचे मार्ग अगदी वेगळे. एकाने क्रांतीचा मार्ग धरला, दुसऱ्याने घरखर्चाची वही हातात घेतली. आज त्या दुसऱ्या एंगेल यांची ओळख करून घेऊ.

अर्न्स्ट एंगेल यांचा जन्म २६ मार्च १८२१ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. त्या वेळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. अनेक लहानमोठी राज्ये होती, आणि ड्रेस्डेन ही त्यांपैकी सॅक्सनी या राज्याची राजधानी होती. सॅक्सनीत फार पूर्वीपासून चांदीच्या खाणी होत्या आणि खाणींचे शास्त्र शिकवणारी फ्रायबेर्ग येथील अकादमी युरोपभर प्रसिद्ध होती. तरुण एंगेल यांनी १८४२ ते १८४५ या काळात तेथे शिक्षण घेतले. म्हणजे ज्यांना पुढे जगाने संख्याशास्त्रज्ञ म्हणून ओळखले, ते मूळचे खाण-इंजिनियर होते. खाणीत माती-दगडाचा ढीग बाहेर येतो, तो चाळून, प्रतवारी लावून, त्यातले धातूचे प्रमाण काढावे लागते. पुढे आयुष्यभर त्यांनी तेच काम केले, फक्त ढीग आकड्यांचा होता.

शिक्षण संपल्यावर ते देशोदेशी हिंडले. या प्रवासात त्यांना दोन थोर माणसे भेटली. एक, पॅरिसचे फ्रेदेरिक ल प्ले. हेसुद्धा खाण-इंजिनियरच. परंतु खाणी पाहायला जाता जाता ते कामगारांच्या घरात शिरत, तेथे मुक्काम करीत आणि त्या घरचा एकूण एक खर्च लिहून घेत. १८५५ साली त्यांनी युरोपातल्या ३६ कामगार कुटुंबांचे असे वर्णन प्रसिद्ध केले. दुसरे गृहस्थ ब्रसेल्सचे अडॉल्फ केतले. हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. आकाशातल्या ताऱ्याचे स्थान काढताना अनेक निरीक्षणांची सरासरी घेतात, तशी माणसांच्या बाबतीतही घ्यावी, म्हणजे समाजाचे नियम दिसू लागतील, असा त्यांचा विचार होता. एंगेल यांनी एका गुरूकडून घरात डोकावायला शिकून घेतले आणि दुसऱ्याकडून सरासरी काढायला.

ते परतले तो काळ मोठा कठीण होता. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला होता. १८४६ आणि १८४७ मध्ये धान्यही महागले. गरिबांचे खाणे म्हणजे बटाटा आणि भाकरी, तेच मिळेना. १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला आणि १८४९ च्या मे महिन्यात खुद्द ड्रेस्डेनच्या रस्त्यांवर लढाई झाली. १८४८ च्या उठावानंतर सॅक्सनीच्या सरकारने उद्योग आणि मजुरी यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्यात एंगेल यांना काम मिळाले. पुढे १८५० साली लाइपझिग येथे भरलेल्या जर्मन औद्योगिक प्रदर्शनाची व्यवस्था त्यांनी इतकी चोख ठेवली की, सरकारने त्यांना राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख केले. वय अवघे एकोणतीस.

सॅक्सनी हे लहान राज्य, पण दाट वस्तीचे आणि कारखान्यांनी भरलेले. शेतात पिकणारे धान्य एवढ्या तोंडांना पुरणार कसे, हा प्रश्न सर्वांना भेडसावत होता. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि शेवटी उपासमार ठरलेलीच, असे इंग्लंडच्या माल्थस यांचे मत तेव्हा सर्वत्र गाजत होते. एंगेल यांना वाटले, आधी हे तर मोजू की लोक आपली मिळकत कशावर खर्च करतात. पण लोकांचे घरखर्च मिळणार कुठून?

ते बेल्जियममध्ये मिळाले. १८५३ साली केतले यांच्या पुढाकाराने ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली होती. कामगारांचे घरखर्च एकाच नमुन्यावर गोळा करावेत असे तेथे ठरले. कुटुंबे एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून ती साधारण एकसारखी निवडायची होती: आई, वडील आणि चार मुले. बेल्जियमच्या तुरुंग आणि धर्मादाय संस्थांचे मुख्य निरीक्षक एदुआर द्युक्पेत्यो यांनी हे काम तडीस नेले आणि १८५५ मध्ये सर्व आकडे छापले. त्यांनी कुटुंबांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातली कुटुंबे धर्मादाय मदतीवाचून जगू शकत नव्हती. दुसऱ्या गटातली मदतीवाचून कशीबशी आपल्या पायावर उभी होती. तिसऱ्या गटातली जरा बऱ्या स्थितीत होती.

द्युक्पेत्यो यांनी आकडे छापले आणि त्यांवरून कामगारांच्या हालाची कहाणी सांगितली. ल प्ले यांनीही एकेका घराचे बारीक चित्र काढले. परंतु या आकड्यांच्या पोटात एक नियम दडला आहे, हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. ते एंगेल यांच्या लक्षात आले.

त्यांनी काय केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यात मोठे गणित नाही. सहावीच्या मुलालाही ते जमेल.

आपल्यापुढे १५३ कुटुंबांची माहिती आहे अशी कल्पना करा, कारण एंगेल यांनी बेल्जियमच्या एवढ्याच कुटुंबांचे आकडे धरले. प्रत्येक कुटुंबाचे दोन आकडे. एक, त्याची वर्षाची मिळकत. दुसरा, शंभर फ्रँक खर्चातले खाण्यावर किती गेले. आता चौकटीच्या कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर मिळकत. एक उभी रेघ ओढा, तिच्यावर खाण्याचा वाटा. प्रत्येक कुटुंबासाठी एक टिंब द्या. काय दिसेल? सुपातून मोहरी सांडल्यासारखा टिंबांचा पसारा. एका घरी आजारपण आले, त्याने अन्न कमी केले. दुसऱ्या घरची बाई काटकसरी. तिसऱ्या घरी बाप दारू पिणारा. चौथ्याने हिशेबच नीट सांगितला नाही. प्रत्येक टिंबामागे एक वेगळी हकीकत आहे, आणि इतक्या हकीकती एकदम बोलू लागल्या की कोणाचेच ऐकू येत नाही.

मग दुसरा उपाय करून पाहू. सगळ्या १५३ कुटुंबांची मिळून एकच सरासरी काढू. उत्तर येते साधारण दोन-तृतीयांश. शंभरातले सहासष्ट-सदुसष्ट खाण्यावर. गोंगाट थांबला खरा, पण त्याबरोबर सगळेच गप्प झाले. मदतीवर जगणारा आणि बरा कमावणारा एकाच आकड्यात बुडून गेला. गरिबाचे अन्न किती जड आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

एंगेल यांनी या दोन टोकांच्या मधली वाट धरली. कुटुंबे मिळकतीच्या क्रमाने लावायची, त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाची वेगळी सरासरी काढायची. एका गटात पुष्कळ घरे असल्यामुळे काटकसरी बाई आणि दारुडा बाप यांचे कमी-जास्त एकमेकांत फिटून जाते. आणि गट वेगवेगळे असल्यामुळे गरीब तो गरीबच दिसतो, त्याला दुसऱ्याच्या मिळकतीचे पांघरूण मिळत नाही. टिंबांच्या पसाऱ्याऐवजी कागदावर मोजकीच ठळक टिंबे राहतात, आणि ती जोडली की रेघ कुठे चालली आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

बेल्जियमच्या तीन गटांची उत्तरे अशी आली. मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांत खाण्याचा वाटा शेकडा ७०.८९. कशाबशा पायावर उभ्या असलेल्यांत ६७.३७. बऱ्या स्थितीतल्यांत ६२.४२. तीन टिंबे, आणि तिन्ही एका उतरत्या वाटेवर. यावरून एंगेल यांनी आपला नियम मांडला: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा लेख नोव्हेंबर १८५७ मध्ये सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘एंगेलचा नियम’ या नावाने तो पुढे जगभर शिकवला जाऊ लागला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. गरीब जास्त खातो, असे एंगेल म्हणत नाहीत. त्यांनी आपल्या नियमावरून एक कोष्टक तयार केले. त्यात वर्षाला २०० फ्रँक मिळवणाऱ्या घराचा अन्नाचा वाटा शेकडा ७२.९६ येतो आणि ३,००० फ्रँक मिळवणाऱ्याचा ५६.९०. आता गुणाकार करून पाहा. पहिल्या घरात अन्नावर सुमारे १४६ फ्रँक खर्च होतात आणि दुसऱ्या घरात सुमारे १,७०७. सुस्थितीतला माणूस ताटात कितीतरी अधिक घेतो, तरी त्याच्या शंभरातले त्रेचाळीस दुसऱ्या गोष्टींसाठी मोकळे राहतात. गरीब अर्धपोटी राहतो, आणि तरीही त्याच्या हाती सत्तावीसच उरतात. त्या सत्तावीसातच कपडा, छप्पर, सरपण, दिवाबत्ती, औषध आणि शाळा.

त्याच लेखात एंगेल यांनी सॅक्सनीतल्या तीन प्रकारच्या कुटुंबांचा खर्च कसा वाटला जात असेल, याचाही अंदाज दिला होता.  कामगार कुटुंब शंभरातले ६२ अन्नावर खर्च करते, मध्यम कुटुंब ५५, आणि सुखवस्तू कुटुंब ५०. घर आणि सरपण-दिवाबत्ती यांचा वाटा तिघांत सारखाच धरला आहे, १२ आणि ५. पण शिक्षकाची नजर मात्र खालच्या ओळीवर जाते. शिक्षणावर कामगाराचे शंभरातले २, मध्यम कुटुंबाचे साडेतीन आणि सुखवस्तूचे साडेपाच. आरोग्यावर कामगाराचा १, मध्यम कुटुंबाचे २, सुखवस्तूचे ३.

वर्गात एखाद्या मुलाकडे पुस्तक नसते, तेव्हा आपण शिक्षक चटकन म्हणतो की याच्या आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. एंगेल यांचे कोष्टक समोर ठेवले की असे बोलायला जीभ धजत नाही. किंमत असते हो, पण शंभरातले दोनच उरलेले असतात. अन्नाचा वाटा थोडा खाली आला की शाळेचा वाटा आपोआप वर येतो, हे ते कोष्टक सांगते.

१८५८ मध्ये एंगेल यांनी सॅक्सनीच्या कार्यालयाचे काम सोडले आणि ड्रेस्डेनमध्ये गहाण-कर्जांचा विमा उतरवणारी एक संस्था काढली. त्या प्रकारची ती पहिलीच. पण आकड्यांचा माणूस फार दिवस बाहेर राहिला नाही. १८६० साली जर्मन राज्यांतले सर्वांत बलाढ्य राज्य प्रशिया याने त्यांना बर्लिनला बोलावून आपल्या सांख्यिकी कार्यालयाचे संचालक केले. तेथे ते बावीस वर्षे राहिले.

बर्लिनमध्ये त्यांनी केलेली दोन कामे सांगितलीच पाहिजेत. पहिले काम म्हणजे त्यांनी काढलेली शाळा. १८६२ साली त्यांनी कार्यालयातच सांख्यिकीचे एक शिक्षणकेंद्र सुरू केले. तरुण पदवीधर तेथे नुसती व्याख्याने ऐकत नसत, खऱ्या आकड्यांवर हात बसवत. पुढे नामवंत अर्थशास्त्रज्ञ झालेले लुयो ब्रेंटानो आणि गेओर्ग फ्रिडरिश क्नाप हे तेथलेच. दुसरे काम खानेसुमारीचे. पूर्वी एका घराची सगळी माणसे एका लांब यादीत लिहीत. १८७१ च्या खानेसुमारीत एंगेल यांनी प्रशियात दर माणसाला एक स्वतंत्र कार्ड दिले. यादी फाडून वेगळी करता येत नाही, पण कार्डे पत्त्यांसारखी पिसता येतात. वयाप्रमाणे ढीग लावा, धंद्याप्रमाणे लावा, गावाप्रमाणे लावा. गट पाडल्याशिवाय आकडा बोलत नाही, हे त्यांना १८५७ पासून ठाऊक होते, आणि कार्डामुळे गट पाडणे सोपे झाले.

एंगेल कागदावरच थांबले नाहीत. कारखान्याच्या नफ्यात कामगाराला वाटा मिळावा, असे ते सांगत. १८६७ ते १८७० ते प्रशियाच्या विधिमंडळाचे सभासद होते. १८७२ साली आयझेनाख येथे समाजसुधारणेची तळमळ असलेले विद्वान एकत्र आले, तेव्हा एंगेल तेथे शहरांतल्या घरटंचाईवर बोलले. या मेळाव्यातूनच पुढे जर्मनीतली सामाजिक धोरणाचा विचार करणारी प्रसिद्ध संस्था निघाली. १८७९ मध्ये चान्सेलर बिस्मार्क यांनी परदेशी धान्यावर कर बसवला. धान्यावरच्या कराचा भार कोणावर पडतो, हे एंगेल यांच्या नियमावरूनच कळते. ज्याचे शंभरातले सत्तर अन्नावर जातात, त्याला तो सर्वांत जास्त लागतो. बिस्मार्क यांच्या या धोरणाशी एंगेल यांचे पटेना. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले आणि ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉयल भागात जाऊन राहिले.

म्हातारपणीही त्यांनी वही मिटली नाही. १८८३ मध्ये त्यांनी माणसाच्या मोलावर पुस्तक लिहिले. एक मूल वाढवून कमावते करायला किती खर्च येतो, याचा तो हिशेब होता. मग त्यांना आपल्याच जुन्या कामातली एक उणीव सतावू लागली. दोन घरांची मिळकत सारखी असली तरी एका घरी दोन माणसे आणि दुसऱ्या घरी आठ असतील, तर ती एका गटात कशी घालायची? तान्हे मूल आणि उसाच्या शेतात राबणारा गडी यांचे पोट सारखे कसे धरायचे? यावर त्यांनी एक माप काढले आणि आपल्या गुरूच्या, केतले यांच्या नावावरून त्याला ‘केत’ म्हटले. नवजात बालक म्हणजे एक केत. दर वर्षाला त्यात एक-दशांश वाढवायचा, पुरुषाच्या बाबतीत पंचवीस वर्षांपर्यंत म्हणजे साडेतीन केत, आणि स्त्रीच्या बाबतीत वीस वर्षांपर्यंत म्हणजे तीन केत. मग घरखर्चाला घरातल्या एकूण केतांनी भागायचे. १८९५ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी या मापाने बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जुने आणि नवे घरखर्च पुन्हा एकदा ताडून पाहिले. ज्या आकड्यांनी कीर्ती दिली, त्याच आकड्यांकडे ते अडतीस वर्षांनी परतले, आणि तेही आपली चूक सुधारायला. ८ डिसेंबर १८९६ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या मागे त्यांचा नियम राहिला, आणि त्याला पाहुणेही जडले. अमेरिकेत कॅरोल राइट यांनी १८७५ साली मॅसॅच्युसेट्सच्या कामगारांचे घरखर्च तपासले, तेव्हा सॅक्सनीचे कोष्टक पाहून त्यांनी एंगेल यांच्या नावावर चार नियम लावले: अन्नाचा वाटा घटतो, कपड्यांचा साधारण तेवढाच राहतो, घर-सरपणाचा तेवढाच राहतो, आणि बाकी गोष्टींचा वाढतो. यांपैकी एंगेल यांनी ठामपणे मांडला तो पहिलाच, आणि आजवर जवळजवळ सर्वत्र टिकला तोही पहिलाच.

गट पाडून सरासरी काढण्याची त्यांची रीत आपल्या पूर्वजांच्या देशातही रुजली. १९६० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती अधिक नेटकी केली. त्यांनी कुटुंबे खर्चाच्या क्रमाने लावून सारख्या संख्येचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर मांडली. शिवाय दोन वेगवेगळे नमुने घेऊन दोन रेघा काढल्या. दोन रेघा जवळजवळ असतील तर आकड्यावर विश्वास ठेवावा, दूर असतील तर सावध राहावे. कारण गटांची टिंबे फार शहाण्यासारखी एका रेघेत बसतात आणि खालचा मोहरीचा पसारा आपण विसरून जातो, हा या पद्धतीतला मोठा धोका आहे. गट फार मोठे केले तर गरीब लपतात, फार लहान केले तर पुन्हा गोंगाट सुरू होतो.

पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच पद्धतीने भारताची दारिद्र्यरेषा शोधली. दांडेकर आपले मराठी माणूस. दरडोई खर्चाप्रमाणे पाडलेल्या गटांपैकी कोणत्या गटात माणसाला सरासरी २,२५० कॅलरी अन्न मिळते, ते त्यांनी पाहिले. १९६०-६१ च्या किमतींनुसार उत्तर आले खेड्यात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. आपल्या मॉरिशसमध्येही सांख्यिकी कार्यालय साधारण दर पाच वर्षांनी घरखर्चाची पाहणी करते आणि महागाईचा निर्देशांक त्यावरूनच ठरतो. पाहणीचा माणूस वही घेऊन आपल्या दारात आला तर कंटाळू नये. त्याच्या पाठीमागे एंगेल उभे आहेत.

शेवटी एक विचार मनात येतो. १८५७ साली एंगेल ड्रेस्डेनमध्ये बेल्जियमच्या मजुरांचे अन्न मोजत होते, तेव्हा मुंबई बंदरातून निघालेले आपले पूर्वज पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढत होते. त्यांचा करार काय होता? महिन्याला पाच रुपये, आणि त्याबरोबर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. म्हणजे अन्नाचा वाटा मालकाने पगारातच बांधून टाकला होता. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्या ‘डबल कट’ मध्ये पाच रुपयांतले किती हाती पडत, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या अर्जावर ९,४०१ मजुरांनी सह्या आणि अंगठे दिले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग या बेटावर आला.

त्या मजुरांच्या घरखर्चाची वही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाही. पण उरलेल्या थोडक्यातून त्यांनी बैठका बांधल्या, गणपती बसवला, मुलांना अक्षरे शिकवली. शंभरातले दोन म्हणजे किती, हे त्यांनी एंगेल न वाचताच जाणले होते. या महिन्यात पगार झाला की एक कोरी वही घ्या आणि मुलांना जवळ बसवून त्यांच्याकडूनच दोन ओळी लिहून घ्या: पोटाला किती गेले आणि शाळेला किती. दर महिन्याला एक टिंब. वर्षाअखेरीस बारा टिंबे होतील, आणि आपले घर कोणत्या बाजूला चालले आहे ते मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.